संशय आणि निवाडा : स्थलांतरितांचे हक्क आणि सीमारक्षणाचे धोरण



स्मृतिव्याख्यानाच्या निमित्ताने जमणाऱ्या समाजाने आपल्या काळातील एखाद्या अवघड प्रश्नाचा शांत चित्ताने विचार करावा, हा या परंपरेचा मूळ हेतू असल्यामुळे, ज्या विषयावर बाहेर बहुधा चढ्या आवाजातच बोलले जाते तो विषय मी आज बुद्ध्याच निवडला आहे. परप्रांतातून अथवा परमुलखातून पोटासाठी आलेल्या माणसाचे आपल्या नगरीत काय हक्क आहेत, आणि देशाच्या सीमेच्या रक्षणासाठी योजलेले उपाय त्या सीमेपासून शेकडो कोस दूर असलेल्या आपल्या वस्त्यांत राबवले जातात तेव्हा त्या हक्कांचे काय होते, हा तो विषय होय. माझे प्रतिपादन आरंभीच सांगतो. सीमा राखण्याचा राज्याचा अधिकार निर्विवाद आहे. परंतु अमुक माणूस परकीय आहे की नाही हा प्रश्न निवाड्याचा आहे, आणि तो निवाडा होण्यापूर्वी केवळ संशयावरून कोणाचीही हद्दपारी करणे हे आपल्या राज्यघटनेच्या गाभ्याशी विसंगत आहे.

नवी मुंबईच्या ज्या भूमीवर आपण बसलो आहोत तिचाच वृत्तांत आधी पाहू. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर नवे शहर वसवण्याचे काम तिच्याकडे सोपवण्यात आले. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी समाजाची जमीन या शहराखाली गेली. तिच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या लढ्यात १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारांत पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले, आणि त्यानंतरच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व शासनाने स्वीकारले. म्हणजे या नगरीत प्रथमपासून दोन प्रकारची माणसे शेजारी नांदत आली आहेत : ज्यांच्या पायाखालून गाव निघून गेले ती, आणि जी स्वतः गाव सोडून येथे आली ती. या दोघांच्या दुःखांची जात एक नसली, तरी सरकारी दप्तरात आपली नोंद कोणत्या शब्दांत होते यावर आपले जगणे अवलंबून असते, हा अनुभव दोघांनाही सारखाच आहे.

गाव सोडून आलेल्यांत तुर्भ्याच्या बाजार आवारातील माथाडी कामगार हे अगदी ठळक उदाहरण आहे. सातारा-पुण्याच्या डोंगराळ तालुक्यांतून मुंबईच्या गोदीत आणि मसजिद बंदरच्या पेढ्यांवर ओझी वाहण्यासाठी आलेल्या या माणसाला पूर्वी ना निश्चित मालक होता, ना हजेरीपट, ना रजा, ना भविष्यनिर्वाह निधी. टोळीचा मुकादम देईल ती मजुरी आणि आडतदार म्हणेल तो हिशेब, एवढाच त्याचा कायदा होता. अण्णासाहेब पाटील यांनी या विखुरलेल्या माणसांना संघटित केले, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा जो कायदा केला त्याने या कामगारांची नोंद मंडळाकडे करून मजुरी आणि इतर लाभ त्या मंडळामार्फत मिळण्याची व्यवस्था केली. या कायद्याचे मर्म असे की, स्थलांतरिताची सरकारी नोंद हे त्याच्या संरक्षणाचे साधन ठरू शकते हे त्याने सिद्ध केले. आज ज्या धोरणांविषयी मला बोलायचे आहे त्यांत तीच नोंद, तेच ओळखपत्र, तोच पत्ता भयाचे कारण होऊन बसला आहे.

कारण माथाडीच्या मागून आणखी कितीतरी लोक आले. विजापूर-कलबुर्गीकडचे वडार व लमाण खाणींवर आले, मराठवाड्यातील दुष्काळग्रस्त बांधकामांवर आले, उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशातून सुतार, रंगारी व फिटर आले, आणि बंगालमधील मालदा व मुर्शिदाबाद या जिल्ह्यांतून गवंडी, जरीकाम करणारे कारागीर आणि घरकाम करणाऱ्या बाया आल्या. सकाळी मजुरांच्या नाक्यावर उभा राहणारा यांतील कोणता माणूस कुठला, हे ठेकेदार विचारीत नाही. त्याला हात हवे असतात. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी ज्या विमानतळाचे उद्‌घाटन झाले तो, ही उपनगरे, हे उड्डाणपूल अशाच हातांनी उभे केले. यांतील बंगाली बोलणाऱ्या मजुराची स्थिती इतरांहून वेगळी आहे, कारण त्याची मातृभाषा ही सीमेच्या दोन्ही बाजूंची भाषा आहे. बांगलादेशाशी असलेली आपली सीमा ४,०९६ किलोमीटरची आहे, तिच्यातील निम्म्याहून अधिक एकट्या पश्चिम बंगालात आहे, आणि १९४७ साली ती आखली गेली तेव्हा तिने एकाच बोलीचे, सारख्याच आडनावांचे आणि एकाच पेहरावाचे लोक दोन राष्ट्रांत वाटले. म्हणून बोलीवरून, नावावरून अथवा लुंगीवरून राष्ट्रीयत्व ओळखण्याचा प्रयत्न करणारा अंमलदार कितीही सद्‌हेतूचा असला, तरी तो चुकणारच. आणि त्या चुकीची किंमत भरणारा मनुष्य भारताचा नागरिक असण्याची शक्यता पुष्कळच असते.

निवाड्यावाचून माणसाला कोंडण्याची अथवा घालवून देण्याची ही वृत्ती आपल्या इलाख्याला नवी नाही. १८९७ साली प्लेग अधिकारी रँड याच्या वधानंतर पुण्याच्या नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या मुंबई रेग्युलेशनखाली अटकेत ठेवण्यात आले. आरोपपत्र नाही, खटला नाही, साक्षीपुरावा नाही, अशी ती अटक होती, आणि त्याच वर्षी अमरावतीस भरलेल्या राष्ट्रीय सभेने तिचा निषेध केला होता. आमच्या पूर्वसूरींनी त्या वेळी नातू बंधूंच्या गुणदोषांची चर्चा केली नाही; न्यायालयापुढे न नेता माणसाला कोंडणे हेच अन्याय्य आहे, एवढेच ते ठामपणे म्हणाले. पुढे स्वराज्य आले तरी ही वृत्ती सर्वस्वी गेली नाही.

१९८१ च्या जुलै महिन्यात, ऐन पावसाळ्यात, तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतील पदपथांवर राहणाऱ्यांना उठवून त्यांच्या मूळ गावी धाडण्याची घोषणा केली. त्यानंतर ऑल्गा टेलिस या पत्रकार बाईंनी आणि स्वतः पदपथवासीयांनी जे अर्ज सर्वोच्च न्यायालयात केले, त्यांतील दोघांची कैफियत या शहरातील प्रत्येकाने वाचावी अशी आहे. एक जण सालेमहून आलेला मजूर. त्याचे खोपट मोडून त्याला बायकामुलांसह सालेमच्या बसमध्ये बसवण्यात आले, आणि कुटुंब तेथे ठेवून तो कामाच्या शोधात पुन्हा मुंबईस परतला. दुसरा आपल्याच संगमनेरचा. गावातले घर पडले, चर्मकारीत दिवसाला सात-आठ रुपये मिळत, म्हणून १९६९ मध्ये तो मुंबईस आला, बदली कामगार म्हणून लागला आणि तुळशीवाडीच्या पदपथावर गुंडाला पैसे मोजून त्याने जागा मिळवली. सालेमचा आणि संगमनेरचा हे दोघेही एकाच फर्मानाखाली सारखेच परके ठरले, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

१० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी या प्रकरणी दिलेला निर्णय सर्वश्रुत आहे. उपजीविकेचे साधन हिरावणे म्हणजे जीवनाचाच हक्क हिरावणे होय, असे त्यांनी मानले. पदपथावर कायमचे राहण्याचा हक्क त्यांनी मान्य केला नाही आणि पावसाळ्यानंतर जागा रिकामी करण्यास परवानगीही दिली, परंतु उठवले जाणाऱ्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, हे तत्त्व त्यांनी सोडले नाही. ज्या पक्षाचा दावा शेवटी फेटाळला जाण्याची शक्यता आहे त्याचेही ऐकून घेतले पाहिजे, हा या निर्णयातील बोध आजच्या प्रश्नाला तंतोतंत लागू पडतो.

१९९८ च्या जुलै महिन्यात मुंबईतून बांगलादेशी ठरवून काही बंगालीभाषक माणसांना पोलिसांच्या पहाऱ्यात हावड्याच्या गाडीने सीमेकडे नेण्यात येत असता पश्चिम बंगालातील उलुबेडिया स्थानकावर जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवले, आणि दोन राज्यांच्या सरकारांमध्ये मोठा वाद झाला. जमावाने कायदा हाती घ्यावा हे समर्थनीय नाही. परंतु ज्यांना नेले जात होते त्यांतील भारतीय किती आणि परकीय किती, हे खुल्या न्यायालयात अगोदर ठरले असते तर जमावाला तो प्रसंगच मिळाला नसता. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, २०२५ च्या मे महिन्यात, केंद्रीय गृहखात्याने संशयितांच्या पडताळणीसाठी राज्यांना ३० दिवसांची मुदत घालून दिली. आणि जून महिन्यात मीरा रोड व मुंबई परिसरातून पकडलेल्या, पश्चिम बंगालमधील मुर्शिदाबाद आणि पूर्व बर्धमान या जिल्ह्यांच्या काही मजुरांना सीमा सुरक्षा दलाच्या हवाली करून बांगलादेशात लोटण्यात आले. पश्चिम बंगालच्या सरकारने त्यांच्या नागरिकत्वाचे पुरावे पुढे केले तेव्हा काही दिवसांतच त्यांना परत आणावे लागले. त्याच सुमारास दिल्लीतून पाठवलेल्या बीरभूमच्या एका गरोदर स्त्रीला परत आणण्याचा आदेश कलकत्ता उच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये दिला, आणि ती प्रत्यक्षात डिसेंबरमध्ये परतली. स्वदेशाच्या नागरिकाला स्वदेशाच्याच सैनिकांनी परदेशाच्या शेतात ढकलून द्यावे, याहून मोठी नामुष्की कोणत्याही राज्यव्यवस्थेला असू शकत नाही.

आता कायद्याकडे वळू. नागरिकत्वाच्या कलमाइतका ताप मसुदा समितीला क्वचितच दुसऱ्या कलमाने दिला असेल, अशा आशयाचे उद्गार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १० ऑगस्ट १९४९ रोजी घटना परिषदेत काढले होते. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. पंजाबराव देशमुख यांच्यासारख्या विदर्भातील थोर लोकनेत्याने, अन्य देशाचे नागरिक नसलेल्या हिंदू व शीख यांना सरसकट नागरिकत्वाचा हक्क द्यावा, अशी दुरुस्ती मांडली होती. ती स्वीकारली गेली नाही. घटनाकारांनी जन्म, आईबाप आणि वास्तव्य हे आधार धरले, आणि संचाराचे व निवासाचे स्वातंत्र्य नागरिकांपुरते राखून ठेवले तरी कायद्यापुढील समानता, जीविताचे व स्वातंत्र्याचे संरक्षण, आणि अटक झालेल्यास चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याची हमी ही प्रत्येक व्यक्तीला दिली. तेव्हा परकीय म्हणून पकडलेला मनुष्य खरोखरच परकीय असला, तरीही तो या हमीच्या बाहेर जात नाही.

आणि तो परकीय नसला तर? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच राज्याच्या एका खटल्याने १९५४ साली देऊन ठेवले आहे. फाळणीनंतर पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवान्याची पद्धत सुरू झाली होती, आणि १९४९ च्या कायद्यान्वये परवान्याचा भंग केल्याचा वाजवी संशय असलेल्या कोणासही देशाबाहेर काढण्याचा अधिकार सरकारला होता. इब्राहिम वझीर मावत विरुद्ध मुंबई राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असे ठरवले की, केवळ संशयावरून नागरिकाला देशाबाहेर घालवणारे हे कलम त्याच्या निवासाच्या मूलभूत हक्काशी विसंगत, म्हणून शून्य आहे. फाळणीच्या त्या अस्वस्थ दिवसांत, शेजारी राष्ट्राशी वैर ताजे असताना, न्यायालयाने जे धैर्य दाखवले त्याहून कमी धैर्य आजच्या स्थिर प्रजासत्ताकाने का दाखवावे?

येथे दुसऱ्या बाजूचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडणे माझे कर्तव्य आहे. परकीयाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अत्यंत व्यापक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ सालीच मान्य केले आहे. खोट्या कागदपत्रांचा बाजार अस्तित्वात आहे. आधार, पॅन अथवा मतदार ओळखपत्र जवळ असल्याने कोणी आपोआप नागरिक ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका जामीन अर्जावर स्पष्ट केले, आणि ते कायद्याला धरूनच आहे. आसामसाठी १९८३ साली केलेला, सिद्धतेचा भार सरकारवर टाकणारा कायदा २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तोही अवैध घुसखोरी हे राष्ट्रापुढील गंभीर संकट आहे या भूमिकेतून. १९४६ च्या परकीयांविषयीच्या कायद्याप्रमाणेच १ सप्टेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या नव्या कायद्यातही आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार संशयितावरच आहे. हे सारे मान्य केले, तरी सिद्धतेचा भार कोणावर हा प्रश्न निवाडा व्हायचा असेल तेव्हाच उद्भवतो. जेथे न्यायासनच नाही तेथे भार कोणी कोणापुढे उचलायचा? शिवाय जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले आहे की, कोणावर परकीयत्वाचा आरोप करण्यापूर्वी अधिकाऱ्यांपाशी काही ठोस आधार असला पाहिजे, तो त्या माणसाला कळवला पाहिजे, आणि कागदपत्रांतील नावाच्या लेखनातील किरकोळ फरक निर्णायक मानता कामा नये.

कागदपत्रांचा हा शेवटचा मुद्दा मराठी माणसाला परका वाटू नये. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्यास आईबापांपैकी एकाचे, आणि ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्यास दोघांचेही स्थान पाहावे लागते. म्हणजे आजच्या तरुण मजुराला स्वतःचे नव्हे, तर बापाचे आणि आईचे दाखले शोधावे लागतात. ज्यांना १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ज्यांची त्या कलंकातून कागदोपत्री मुक्तता झाली, त्या पारध्यांपाशी, त्याचप्रमाणे आयुष्यभर गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड लादून फिरलेल्या बेलदारांपाशी किंवा नंदीवाल्यांपाशी आजोबाच्या जन्माचा दाखला कोठून असणार? कागदाची ही कसोटी आज बंगाली गवंड्याला लावली जात आहे. पण ती एकदा रूढ झाली की तिच्यात सर्वांत आधी नापास होणारे आपलेच भटके-विमुक्त असतील.

या धोरणाचा परिणाम पकडले जाणाऱ्यांपुरता मर्यादित राहत नाही. ज्या मजुराला चौकीची पायरी चढण्याची धास्ती आहे तो बुडवलेल्या मजुरीची तक्रार करीत नाही. जी बाई आपल्या बोलीने ओळखली जाईल म्हणून घाबरते ती घरमालकाने अथवा ठेकेदाराने केलेला अत्याचार मुकाट्याने सोसते. ज्या कुटुंबाचा भाडेकरार कोणी करून देत नाही ते अधिक दाटीच्या, अधिक असुरक्षित खोलीत जाते. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली झालेल्या कायद्याचे लाभ नोंदणीवर अवलंबून आहेत, आणि नाव नोंदवण्याचीच भीती वाटू लागली तर तो कायदा मृतवत होतो. भयभीत मजूर हा स्वस्त मजूर असतो, आणि त्याच्या स्वस्ताईमुळे शेजारच्या मराठी मजुराचीही मजुरी खाली येते. म्हणून भूमिपुत्राच्या हिताच्या नावाने जे भय पसरवले जाते ते भूमिपुत्राच्याही मुळावर येते.

हा प्रश्न आपल्याही लेकराबाळांचा आहे. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना हातापायांत बेड्या घालून अमृतसरला आणून उतरवले, तेव्हा त्यांत महाराष्ट्राचेही तिघे होते, आणि त्या बेड्यांचे दृश्य पाहून साऱ्या देशाला संताप आला. तो संताप योग्यच होता. अवैध रीतीने गेलेल्या माणसालाही माणुसकीने वागवले पाहिजे, ही त्यामागची भावना होती. परदेशात आपल्या माणसांसाठी जे मागतो ते आपल्या शहरात दुसऱ्याच्या माणसाला नाकारण्याचा नैतिक अधिकार आपल्याला उरत नाही.

मग करावे काय? माझ्या मते चार गोष्टी तातडीने व्हाव्यात, आणि त्यांपैकी एकीनेही सीमेचे रक्षण दुबळे होत नाही. पहिली, परकीयत्वाच्या संशयावरून ताब्यात घेतलेल्या प्रत्येकाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, आणि त्याच्या नातेवाइकांना ठिकाण कळवावे. दुसरी, तो ज्या जिल्ह्याचे नाव सांगतो तेथील जिल्हाधिकाऱ्याकडून पडताळणीचे लेखी उत्तर येईपर्यंत त्याला राज्याबाहेर नेऊ नये. आणि उत्तर आले नाही म्हणजे मनुष्य परकीय, असा अर्थ कदापि काढू नये. तिसरी, १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याने कोठडीतील माणसाला विनामूल्य वकिलाचा हक्क दिला आहे; ठाणे व रायगड जिल्ह्यांच्या प्राधिकरणांनी बंगाली जाणणारे दुभाषे नेमून तो हक्क प्रत्यक्षात आणावा. चौथी, हद्दपारीचा प्रत्येक हुकूम कारणांसह लेखी असावा, आणि त्याविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्यास पुरेसा अवधी मिळावा. २०१९ साली शासनाने नेरुळ येथे परकीयांच्या स्थानबद्धता केंद्रासाठी सिडकोकडे जागेची मागणी केली होती. कोंडण्यासाठी जागा शोधणाऱ्या राज्याने त्याआधी ऐकून घेण्यासाठी न्यायासन शोधावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

ही सारी मागणी सरकारकडे आहे. पण एक मागणी आपल्याकडेही आहे. आपल्या सोसायटीत काम करणारी बाई अथवा आपल्या इमारतीचा गवंडी एके दिवशी अचानक दिसेनासा झाला, तर कोठे गेला याची चौकशी करा. ताब्यात असल्याचे कळले तर चौकीवर जाऊन त्याला न्यायालयापुढे केव्हा नेणार हे विचारा, आणि विधिसेवा प्राधिकरणाला अर्ज लिहून द्या. तो शेवटी परकीय ठरला, तर कायद्याप्रमाणे त्याच्या देशाच्या अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केला जाईल, आणि त्याविरुद्ध माझी तक्रार असणार नाही. परंतु तसे ठरण्यापूर्वी, या शहरातून कोणाही माणसाची हद्दपारी निवाड्यावाचून होणार नाही, एवढी खातरजमा करण्याचे दायित्व नवी मुंबईच्या प्रत्येक नागरिकाने स्वीकारावे, अशी माझी आपणा सर्वांना हात जोडून विनंती आहे.